तीनशेतली किती भरायची

बारावीनंतरच्या त्या जुलैत आमच्या घरात एकच विषय होता: मी किती कॉलेजं भरायची. मत द्यायला शेजारीपाजारीसुद्धा बरोबर चहाच्या वेळेला हजर व्हायचे.

सीईटीचे मार्क आले होते. उड्या माराव्यात असे नव्हते आणि तोंड लपवावं असेही नव्हते. मला सिव्हिलला जायचं होतं. खंडाळ्याच्या घाटात दरीवर नवा पूल होत होता आणि त्याचे खांब मी शाळेत असल्यापासून वाढताना बघत आले होते. धुकं खाली बसलं की खांबांची नुसती टोकं वर दिसायची आणि त्या टोकांवर पिवळं हेल्मेट घातलेलं कुणीतरी आरामात चालत असायचं. मला तिथे वर जाऊन उभं राहायचं होतं. त्यासाठी कुठल्या कॉलेजातून जायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे इंजिनिअरिंगचा प्रवेश ऑनलाइन होतो. हवी ती कॉलेजं आवडीच्या क्रमाने भरायची आणि मार्क जुळतील त्याप्रमाणे त्यातलं एक पदरात पडतं. किती भरायची याला बंधन नाही, म्हणजे आहे, पण ते तीनशेचं आहे. हा आकडा एका दुपारी जेवताना माझ्या तोंडून निसटला आणि पप्पांचा हात घासासकट थांबला.

"तीनशे? आणि प्रत्येकाचे वेगळे पैसे?"

"नाही. एक भरा नाहीतर तीनशे भरा, फी तेवढीच."

"मग प्रश्न काय उरला? तीनशे भरायची."

"पोरगी एक हाय," आई म्हणाली. "बसणार एका बाकावर. तीनशे बाकं काय करायची?"

आई तळेगावजवळच्या आंबीला एका कंपनीत पॅकिंगला जाते. खोक्यात जितक्या वस्तू मावतात तितक्याच घालायच्या, हा तिचा रोजचा हिशेब. पप्पांचं उलट आहे. ते लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतात आणि चौघांच्या जागेत सहाजण हसत हसत बसवतात. गाडीत बसलेल्या माणसाला बोलतं करणं हा त्यांचा धंदाही आहे आणि हौसही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक पॅसेंजरला तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली. पॉइंट दाखवता दाखवता म्हणायचे, "ही समोर दरी. बरं, एक विचारू का? आमच्या मुलीने कॉलेजं किती भरावीत?"

आणि लोक सांगायचे. दरी बघायची सोडून सांगायचे. मुंबईच्या एका कुटुंबाने सांगितलं की जेवढी दिसतील तेवढी भरा. पुण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं की आठ भरा. तीन आवाक्याबाहेरची, तीन आवाक्यातली आणि दोन डोळे झाकून मिळतील अशी. एका डॉक्टरांनी त्यांच्या मुलाच्या प्रवेशाची गोष्ट सुरू केली ती परत हॉटेलपर्यंत पुरली, तरी आकडा काही सांगितला नाही. संध्याकाळी पप्पा घरी आले की आम्ही सगळे ओटीवर जमायचो आणि ते त्या दिवशीची मतं सांगायचे. मी हसून हसून आडवी व्हायचे.

एकदा त्यांच्या गाडीत नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. दोघंही इंजिनिअर. नवऱ्याने कॉलेज एकच भरलं होतं, बायकोने चाळीस. त्याचं जे एकुलतं एक होतं, तेच तिच्या यादीत अडतिसाव्या नंबरवर होतं. तिला ते लागलं, तिथे दोघं भेटली आणि आता लोणावळ्याला फिरायला आली होती. पप्पा ही गोष्ट घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

"बघ, अडतिसाव्या नंबरवर नवरा मिळाला."

"मग आपली यादी सदतिसाव्यावर थांबवा," आई म्हणाली.

या सगळ्यात माझी मैत्रीण मात्र एकदम शांत होती. ती लोणावळ्यातल्या रेनकोट-छत्रीच्या दुकानदाराची मुलगी. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. तिने पुण्यातलं एकच कॉलेज ठरवलं होतं, कॉम्प्युटरसाठी. मी विचारलं की तेच का, तर म्हणायची, "एकच भरलं की डोक्याला ताप नाही." मला तिचा हेवा वाटायचा. माझी यादी तोपर्यंत दोनशेच्या पुढे गेली होती, कारण पप्पांनी मोबाइलवर बसून त्यात वाटेल ते घातलं होतं. सिव्हिल संपलं तसं मेकॅनिकल घातलं, मग कापडाचं, मग छपाईचं. एके दिवशी मला जळगावचं तेलाचं इंजिनिअरिंग दिसलं.

"पप्पा, हे तेलाचं काय आहे?"

"तेलात वाईट काय आहे? रोज लागतं."

शेवटी आईनेच मध्ये हात घातला. साडी घेताना आपण दुकानातली सगळी कपाटं उघडायला लावतो, मग चार वर्षं जिथे काढायची ते डोळ्यांनी बघायला नको का, असं तिचं म्हणणं होतं. मंगळवारी पॉइंटवर गर्दी नसते. आईने कंपनीत सुट्टी टाकली, पप्पांनी गाडी धुतली आणि मैत्रिणीलाही बोलावलं. आबा, म्हणजे माझे आजोबा, सकाळीच पांढरा नेहरू शर्ट, पायजमा आणि कडक टोपी घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. भाताची लावणी उरकली होती आणि घरात बसून त्यांना कंटाळा आला होता.

"आबा, आपण कॉलेजं बघायला चाललोय," मी म्हणाले.

"व्हय, म्हाईत हाय. म्या काय बाजाराला निगालोय व्हय?"

पहिलं कॉलेज काचेचं होतं. सगळीकडे काच, आत जाणाऱ्याचं प्रतिबिंब आधी आत जाईल अशी. वॉचमनने गेटवरच थांबवलं आणि अपॉइंटमेंट आहे का विचारलं. पप्पांनी मुलगी दाखवली, आईने मार्कलिस्ट दाखवली, पण त्याचं समाधान झालं नाही. मग आम्ही गेटसमोर उभं राहून त्या काचांमध्ये स्वतःलाच बघितलं. मैत्रिणीने केस नीट केले आणि आम्ही निघालो.

दुसरं कॉलेज तळेगावच्या बाजूला, शेतांच्या मध्ये होतं. इथे गेट उघडंच होतं. आमची पांढरी गाडी आत शिरली आणि बिल्ले लावलेली सात-आठ मुलं-मुली छत्र्या घेऊन धावत आली. एकाने आबांच्या बाजूचं दार उघडलं. एका मुलीने त्यांना गुलाबाचं फूल दिलं. एक मॅडम हात जोडून पुढे आल्या.

"या आबा, या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

"व्हय का? बरं बरं," म्हणत आबा उतरले. आत जाता जाता मागे वळून पप्पांना म्हणाले, "बघ, ह्याला म्हंत्यात कालेज. त्या काचंवाल्यानं पानीसुदीक इचारलं न्हाई."

मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण विचारायला सवडच मिळाली नाही. आम्हाला सगळ्यांना एका हॉलमध्ये नेलं. आबांना स्टेजवर मधली खुर्ची दिली, आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, हातात वाफाळता चहा आला. हॉल मुलांनी भरलेला होता. मग एका मुलाने माइक हातात घेतला आणि सांगितलं की आज वृक्षारोपणासाठी आपल्याला मावळातले एक प्रगतिशील शेतकरी लाभले आहेत, ज्यांनी इंद्रायणी भातात नवनवे प्रयोग केले आहेत. टाळ्या झाल्या. आबा इंद्रायणीच लावतात, तेव्हा त्यांनी मान हलवली.

आईने पप्पांची बाही ओढली. "अहो, ह्यांचा पाव्हणा दुसराच कुणीतरी हाय. उठा, सांगा त्यांना."

"आता उठलो तर आबांची शोभा होईल," पप्पा पुटपुटले. "शाल घालू दे, मग बघू."

शाल घातली. नारळ दिला. मैत्रिणीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. तेवढ्यात त्या मुलाने आबांना दोन शब्द बोलायची विनंती केली आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

आबांनी शाल सावरली. घरात ते फार बोलत नाहीत. तिथे मात्र ते ओटीवर बसल्यासारखे निवांत बोलायला लागले.

"मला भाषान येत न्हाई. आमी आलोय आमच्या पोरीपायी. ती बगा, निळ्या ड्रेसवाली. तिला शिविलला जायाचंय. किती कालेजं भरायची म्हून घरात लय घोळ चाललाय. आता हितं तुमी ऱ्हाता, तवा तुमालाच इचारतो. खरं सांगा. पोरगी हितं घालावी का न्हाई?"

मग मागून एक मुलगा म्हणाला, "घाला आबा," आणि सगळा हॉल हसला. एकदा हसू फुटल्यावर कुणाला आवर राहिला नाही. एक मुलगी उभी राहून म्हणाली की मेसची भाजी सोडली तर सगळं चांगलं आहे. दुसरी म्हणाली की लायब्ररी लवकर बंद होते, तेवढं बघा. तिसरा म्हणाला, "सिव्हिल घ्या आबा, सिव्हिलचे सर पहिल्याच वर्षी साइटवर नेतात, घाटातला पूलसुद्धा दाखवलाय." इथे माझे कान टवकारले. कडेला बसलेले प्रिन्सिपॉल आधी चकित झाले, मग त्यांनी खिशातून पेन काढून कार्यक्रमपत्रिकेच्या मागे काहीतरी टिपायला घेतलं. बहुधा मेसचं असावं.

"आन मास्तर कसं हायेत?" आबांनी विचारलं.

आता पहिल्या रांगेतले मास्तरही हसायला लागले. कोपऱ्यातून कुणीतरी "सांगायचं का?" म्हणालं आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्या गोंधळात मघाच्या मॅडम फोन कानाला लावून आत आल्या. खऱ्या पाहुण्यांचा फोन होता. कामशेतजवळ ट्रक बंद पडला होता आणि ते त्याच्या मागे अडकले होते. मॅडमनी फोनकडे बघितलं, मग स्टेजवरच्या आबांकडे बघितलं. पप्पा उठून उभे राहिले आणि हात जोडून सगळं सांगितलं. आई पदराखाली तोंड लपवून बसली होती. प्रिन्सिपॉलनी ऐकून घेतलं, डोळ्यांचं पाणी पुसलं, ते हसण्यानेच आलं होतं, आणि म्हणाले, "आता आलाच आहात तर झाड तुम्हीच लावा. शाल काही आम्ही परत घेणार नाही."

आबांनी झाड लावलं. खड्डा उथळ आहे म्हणून आधी तो पुन्हा खणायला लावला. ते चालू असतानाच खरे पाहुणे पोचले. जीन्स घातलेला तरुण शेतकरी होता, आबांच्या निम्म्या वयाचा. आबांनी शाल काढून त्याच्या हातात द्यायला घेतली, पण त्याने ती पुन्हा त्यांच्याच खांद्यावर टाकली. मग दोघे चिखलात उकिडवे बसून भाताच्या चार रोपांत किती अंतर ठेवावं यावर इतका वेळ बोलले की तोवर आम्हाला सिव्हिलच्या सरांनी अख्खी लॅब दाखवून आणली.

बेगडेवाडी स्टेशनजवळ पप्पांना गाडी कडेला घ्यावी लागली. हसू आवरेना आणि रस्ता नीट दिसेना. आई म्हणत होती की आजपासून मी कुटंबी तोंड दाखवणार न्हाई, आणि म्हणता म्हणता तीच सगळ्यांत जास्त हसत होती. आबा शाल पांघरून समोर बघत होते. ते म्हणाले, "पुढल्या कालेजात बी असंच हाय का?"

पुढच्या कॉलेजात तसं काही नव्हतं. ते पुण्यातलं जुनं, दगडी भिंतींचं कॉलेज होतं आणि आमच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. एका लॅबचं दार उघडं होतं. आत एक मुलगी काँक्रीटचा ठोकळा मशीनमध्ये ठेवून दाबत होती. काटा सरकत गेला आणि ठोकळा फट्‌ आवाज करून फुटला. तिने आकडा लिहिला आणि दुसरा ठोकळा उचलला. मी दारातच उभी राहिले. मैत्रिणीने मला दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकू आली नाही. पहिल्या नंबरवर काय घालायचं ते तिथेच ठरलं.

फॉर्मची मुदत संपायच्या दिवशी आम्ही पुन्हा ओटीवर बसलो. मी, आई, पप्पा आणि मैत्रीण. आबा आत पंखा लावून पडले होते. आईने एक नवीनच पद्धत काढली. मी एकेका कॉलेजचं नाव वाचायचं आणि ती विचारणार, "नुसतं हेच लागलं, दुसरं काई न्हाई, तर रडशील का?" रडेन म्हटलं की ते नाव काढायचं.

"हे?"

"रडेन."

"हे?"

"हे तर हमसून हमसून."

मैत्रीण माझ्या बदली रडून दाखवत होती, प्रत्येक कॉलेजसाठी वेगळ्या सुरात. छपाईसाठी बारीक, कापडासाठी सुस्कारे टाकत. जळगावच्या तेलाला तिने असा गळा काढला की शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन काय झालं विचारून गेल्या. पप्पांना प्रत्येक नावाचं वाईट वाटत होतं. "अगं, हे राहू दे की, फुकट तर आहे," असं ते म्हणत राहिले आणि यादी खाली येत राहिली. दोनशेबारावरून ती नऊवर आली. नऊच्या नऊ नावांना मी नाही म्हणाले. म्हणजे त्यातलं कुठलंही लागलं असतं तरी मी दुसऱ्या दिवशी खुशीने बॅग भरली असती. तळेगावचं दुसऱ्या नंबरवर होतं.

मग आई मैत्रिणीकडे वळली. "आन तू गं? तुजं ते एकच. ते न्हाई लागलं तर रडशील का?"

ती हसत होती. हसता हसता "हो" म्हणाली आणि तिने मान खाली घातली. तिची नजर मोबाइलवर होती. तशीच म्हणाली, "काकू, दुसरं भरायला मला भीती वाटते. दुसरं लिहिलं की पहिलं मिळणार नाही असं वाटतं."

आई तिच्याजवळ सरकून बसली. "भरल्यानं काई बिगडत न्हाई. आपण छत्री घेतली म्हून पाऊस येतो व्हय? तुज्या अब्बांना इचार, त्यांचं तर दुकानच हाय."

मैत्रिणीने अब्बांना फोन लावला. त्यांना आधी वाटलं की कुणाला तरी छत्री हवी आहे, मग त्यांना नीट समजलं. ते म्हणाले, "बेटा, जिथे मुलींचं हॉस्टेल चांगलं असेल ती सगळी भर, मी येऊन बघतो." तिने आणखी पाच भरली. माझी नऊ आणि तिची सहा. दोघींनी एकदमच बटण दाबलं आणि मग उगाचच अंगणात धावत जाऊन आलो.

निकाल लागला तो शनिवारी, भर गर्दीच्या दिवशी. माझं पहिलं कॉलेज थोडक्यात हुकलं होतं आणि दुसरं लागलं होतं. मैत्रिणीला तिचं एकुलतं एक मिळालं नाही, चौथं मिळालं, तेही पुण्यातच. आम्ही एकमेकींना फोन करत होतो म्हणून दोघींचेही फोन बिझी लागत होते. शेवटी ती दुकानातून चालतच निघाली आणि अर्ध्या वाटेवर आम्ही भेटलो. रडली का, ते मी आधी तिचे डोळे बघून पारखलं. ती म्हणाली, "चौथ्याच्या हॉस्टेलला गच्ची आहे. अब्बांनी बघितलीय."

पप्पा तेव्हा खंडाळ्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले होते. गाडीत नागपूरचं एक कुटुंब होतं. मी फोनवर सांगितलं आणि पप्पांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एकदम पाच-सहा आवाज आले. कुणी अभिनंदन म्हणत होतं, कुणी कुठलं कॉलेज ते विचारत होतं. मग दारं उघडल्याचा आवाज आला. गाड्या हलत नव्हत्या, त्यामुळे ती मंडळी खाली उतरली होती. नागपूरच्या आजींनी डब्यातल्या संत्रा बर्फ्या काढून पुढच्या-मागच्या गाड्यांत वाटल्या, आणि कणसं भाजणारी बाई एक कणीस घेऊन पप्पांच्या खिडकीशी आली. मागच्या गाडीत कुणीतरी गाणी मोठ्याने लावली. फोनमधून मला गाणं, हॉर्न आणि पप्पांचं हसणं एवढंच ऐकू येत होतं.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, मी भात टाकतेय. किती जणांचा टाकू ते सांगा."

पप्पांनी कुणाला तरी विचारलं. मग म्हणाले, "सहाजण आहेत. येतो म्हणतायत."

ते खरंच आले. आधी आबांनी त्यांना बुटांसकट चिखलात उतरवून शेत दाखवलं. ओटीवर, अंगणात, पायऱ्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे ताटं मांडली. मैत्रीण आमच्याच घरची असल्यासारखी वाढायला उभी राहिली. नागपूरच्या आजींनी भाताचा वास घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतला आणि मला जवळ बोलावून विचारलं की पूल बांधायला मुली वर चढतात का खरंच. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघितलं आणि माझ्या ताटात आणखी एक वाढणी भात घालायला सांगितला.